आलेला कागद पूर्ण वाचायचा

अनुपमाने खोडरबर चौथ्यांदा फिरवला आणि फुंकर मारली. पेन्सिलची खूण गेली, पण तिच्याबरोबर कागदही जायला आला. उजेडाकडे धरला असता, तर त्या चौकोनातून समोरच्या खोलीतली बाई भांडी घासताना दिसली असती, इतका पातळ.

"फाडशील," आई म्हणाली. विमला सुपात तांदूळ घेऊन बसली होती आणि खडा सापडला की तो असा भिरकावायची, जणू कुणाच्या तरी डोळ्याचा नेम धरलाय.

"चौकोनच दोन दिलेत मेल्यांनी. मी काय करू?"

दोनच चौकोन. एक 'होय'चा, एक 'नाही'चा. वर प्रश्न एका ओळीचा: तुम्ही कॉलेजकडून आर्थिक मदत मागणार आहात का?

कॉलेज अमेरिकेत, ओहायो नावाच्या मुलखात. अनुपमाने फोर्टातल्या लायब्ररीत जाड पुस्तकातून पत्ता उतरवून घेतला, पत्र टाकलं, आणि दीड महिन्याने दहिसरच्या चाळीत एवढं गुबगुबीत पाकीट आलं, की पोस्टमनला चहा पाजावा लागला. बारावीला ती बोरिवलीच्या कॉलेजात गणितात पहिली आलेली. मार्कांची चिंता नव्हती. चिंता त्या चौकोनांची. लायब्ररीतल्या बाईंनी चष्मा पुसत सरळच सांगितलं होतं.

"परदेशातल्या मुलांचं वेगळं असतं. 'नाही'वर खूण केलीस, तर ते तुझे मार्क बघणार. 'होय'वर केलीस, तर आधी स्वतःची तिजोरी बघणार. मदत मिळते, पण फार थोड्यांना. आणि ज्यांना देता येत नाही, त्यांना बहुतेक प्रवेशच देत नाहीत."

"आणि 'नाही' म्हटलं तर?"

"तर खर्च उचलणारा माणूस दाखवायचा. त्याचं उत्पन्न, त्याची सही. आहे कुणी?"

घरात तर कुणी नव्हतं. तिचे बाबा, राजाराम भुवड, गिरणीच्या संपात घरी बसले ते बसलेच. आता चेकनाक्याजवळच्या वजनकाट्यावर ट्रकांच्या चिठ्ठ्या लिहायचे. संध्याकाळी घरी येताना अंगावर इतकी धूळ आणायचे, की त्यांच्या अंघोळीच्या पाण्यावर भेंडी उगवली असती. पण सगळ्या भुवडांत एक माणूस होता. बाबांचा धाकटा भाऊ, दशरथकाका.

दशरथकाका बोरिवलीत रेती-विटांचा धंदा करायचा. त्या वर्षांत बोरिवलीत रात्री झोपलं की सकाळी खिडकीसमोर बिल्डिंग उभी असायची, आणि तिच्यातली निम्मी रेती काकाची. आवाज असा, की तो नदीकाठी खोकला तर कांदिवलीचे कावळे उडायचे. पण काकाला आवाज पुरायचा नाही. त्याला मायक लागायचा.

मायकशी अनुपमाचं जुनं वैर होतं. दर सव्वीस जानेवारीला तळेकोंड ग्रामस्थ मंडळाची पूजा व्हायची. मुंबईत विखुरलेला सगळा गाव गोळा व्हायचा, आणि कोणी किती दिलं ते मायकवर वाचलं जायचं. संपाच्या पुढच्या वर्षी अनुपमा तेरा वर्षांची होती. काकाने तिला मंचावर बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि मायक तोंडाशी धरला.

"माझा मोठा भाऊ घरी बसलाय. पोरीचं शिक्षण थांबू नये, म्हणून माझ्या घामाच्या पैशातून या बारा वह्या. पड गं पाया."

ती पाया पडली. वाकताना तिला खाली पहिल्या रांगेत बाबा दिसले. ते चपलेचा अंगठा बघत होते. वह्यांच्या वेष्टनावर छापलं होतं: दशरथ भुवड, रेती-विटा सप्लायर, बोरिवली. दुसऱ्या दिवशी आईने त्या वह्या पिशवीत घातल्या, दुकानातून बदलून आणते म्हणाली आणि साध्या घेऊन आली. पण बोलणं काही बदलून मिळत नाही. पुढे पाच वर्षं, बारशाला, बाराव्याला, लग्नात, काका हाताला लागेल त्या माणसाला थांबवून सांगायचा, "ही माझ्या वह्यांवर शिकली."

अनुपमा दर वेळी घरी येऊन धुमसायची. आई म्हणायची, "झालं गेलं. तू विसर."

त्याच पूजेत आणखी एक गोष्ट झाली होती. मंडळाचे चिटणीस सीताराम मास्तर घाईत होते. त्यांनी नुसतं 'वह्या, एक डझन' असं वाचलं आणि 'घामाच्या पैशातून' खाऊन टाकलं. काकाने तिथल्या तिथे सभा घ्यायला लावली आणि ठराव केला: मंचावर आलेला कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पूर्ण वाचायचा. सीताराम मास्तर म्हणजे ठरावाला देव मानणारा माणूस. तेव्हापासून ते पावतीच्या तळाशी छापलेलं प्रेसचं नाव आणि फोन नंबरसुद्धा वाचायचे.

रविवारी काका आला. चाळीच्या तोंडाशी फियाट उभी केली, म्हणजे कुणाला हंडा घेऊन जाता येऊ नये अशी. आत येऊन खाटेवर बसला.

"वहिनी, चहात साखर कमी टाका. हल्ली डॉक्टर ओरडतो." मग अनुपमाकडे वळला. "काय ऐकतोय मी? गोऱ्यांकडे हात पसरणार? भुवडांची पोरगी?"

"अजून ठरवलं नाही, काका."

"ठरवायचं काय त्यात? मी कशाला बसलोय इथे? 'नाही'वर खूण कर. चांगली ठसठशीत कर. खर्च उचलणार दशरथ भुवड. लिही."

राजाराम दाराजवळ उभे होते. त्यांच्या खोलीत खाट एकच होती.

"उत्पन्नाचे कागद लागतील," अनुपमा म्हणाली. "इन्कम टॅक्सचे."

"सुलक्षणा मॅडमकडे सगळं आहे. तूच तिथे टायपिंग करतेस ना? मी फोन करतो. घे काय हवं ते आणि भर."

"आणि सही?"

"सही इथे?" काकाने खोलीकडे असं बघितलं, की जणू सहीला गुदमरायला होईल. "सही पूजेला. मंचावर. गावाला कळू दे, भुवडांनी अमेरिकेत पोरगी धाडली. काय दादा, चालेल ना?"

"चालेल," राजाराम चहाच्या कपाला म्हणाले.

"दादाला काय. त्याला ट्रकचं वजन कळतं, माणसाचं नाही." काका आपल्याच बोलण्यावर हसला आणि फियाटची किल्ली फिरवत गेला.

विमलाने त्याचा कप उचलला, मोरीत तीनदा विसळला आणि फळीवर एका बाजूला, बाकीच्या कपांपासून लांब, पालथा घातला. तो कप एरवी कुणाला मिळत नसे.

आता गोष्ट अशी, की अनुपमाला एक गोष्ट वर्षभरापासून ठाऊक होती आणि ती तिने पोटात ठेवली होती. दुपारी ती सुलक्षणा मॅडमकडे टॅक्सचे कागद टाइप करायची. तिथेच मागच्या वर्षी काकाचा कागद तिच्या मशीनवर आला. आकडा बघून ती थांबली होती.

"मॅडम, यात एक शून्य राहिलंय का?"

मॅडमनी मान वर न करता सांगितलं होतं, "राहिलेलं नाही. ते शून्य बोरिवलीत राहतं, कागदावर येत नाही. टाइप कर."

ऑफिसातलं ऑफिसात, म्हणून ती घरी काही बोलली नव्हती. पण या आठवड्यात काकाने स्वतः फोन केला, मॅडमनी स्वतः शिक्का मारून नक्कल दिली, आणि ओहायोच्या कॉलेजाने स्वतः विचारलं होतं: खर्च उचलणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न, टॅक्सच्या कागदाप्रमाणे. अनुपमाने मशीनवर कॉलेजचा कागद चढवला आणि आकडा टाइप केला. एकही शून्य वाढवलं नाही, कमी केलं नाही. मग उगाचच रिबन पुसत बसली. बोटं काळी झाली तरी पुसत होती.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात मांडव पडला. प्रसादाच्या शिऱ्याचा वास इतका दाट सुटला होता, की झेंड्याला वारा लागेना. सीताराम मास्तर पावत्या वाचत होते, "वनमाला गोविंद भुवड, गोवंडी, रुपये अकरा. छपाई, नवयुग प्रेस, फोन नंबर…" लोक सवयीने ऐकत होते. तिसऱ्या रांगेत गावाचे जावई चंद्रप्रकाश बसले होते. ते आयकर खात्यात नोकरीला. त्यांना वर्षातून एकदा बोलवायचे, चांगला नारळ द्यायचे आणि धंद्याचं कुणी त्यांच्यासमोर बोलायचं नाही, असा अलिखित रिवाज होता.

मग काका उठला. पांढरी सफारी, खिशाला सोनेरी टोपणाचं पेन. मायक त्याच्या हातात जाताच शिट्टी मारून किंचाळला, आणि मागची चार तान्ही पोरं एकदम रडायला लागली.

"मंडळी, आठवतंय ना? पाच वर्षांपूर्वी याच मंचावर बारा वह्या दिल्या होत्या. त्या वह्यांवर शिकलेली पोरगी आज अमेरिकेला चालली. कॉलेज विचारतंय, खर्च कोण करणार? म्हटलं, आहे एक तळेकोंडचा माणूस. ये गं अनू. सगळ्यांसमोर सही करतो."

टाळ्या झाल्या. अनुपमा वर गेली आणि कागद टेबलावर ठेवला. काकाने पेनाचं टोपण काढलं. सीताराम मास्तरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"दशरथ, आधी वाचन."

"अहो मास्तर, इंग्रजी आहे ते."

"ठराव तुझाच आहे. इंग्रजी वगळावं असं त्यात म्हटलेलं नाही. अनुपमा, तू मराठीत सांग. पण पूर्ण हां."

अनुपमाने मायक घेतला. तो काकाच्या हाताने ओला झाला होता.

"खर्च उचलणाऱ्याचं नाव, दशरथ धोंडू भुवड. विद्यार्थिनीशी नातं, चुलते. धंदा, रेती-विटा. एका वर्षाचा खर्च, आपल्या पैशांत अंदाजे पावणेदोन लाख."

मांडवातून एक लांब 'आऽ' गेला. काकाने छाती आणखी पुढे काढली. त्याच वेळी त्याची नजर कागदावर पुढच्या ओळीला लागली. इंग्रजी येत नसलं तरी आकडे आकडेच असतात. त्याने झटकन मायकवर पंजा ठेवला.

"ती ओळ सोड," तो पुटपुटला. घामाचा वास तिच्या नाकापर्यंत आला. "उद्या घरी ये. बँकेचं पत्र देतो, हवा तो आकडा घालून. सही करतो, सगळं करतो. तुला जायचंय ना? ती ओळ सोड."

अनुपमाला जायचं होतं. इतकं, की रात्री ती उशीखाली ते पाकीट घेऊन झोपायची. एक ओळ गिळली असती तर 'नाही'वर खूण, मार्कांवर प्रवेश, विमान. काका खोटं बोलत नव्हता, पत्र त्याने दिलंच असतं. आणि मग जन्मभर, ती ओहायोत असो की चंद्रावर, बारशाला, बाराव्याला, लग्नात कुणीतरी ऐकत राहिलं असतं, हिला मी धाडली.

तिने खाली बघितलं. पहिल्या रांगेत बाबा बसले होते. चपलेचा अंगठा बघत.

"मंडळाचा नियम आहे, काका," ती हळू म्हणाली. "आलेला कागद पूर्ण वाचायचा."

त्याचा पंजा तिने मायकवरून उचलला. अगदी हलक्या हाताने, मोठ्यांचा मान ठेवून.

"खर्च उचलणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न, टॅक्सच्या कागदाप्रमाणे, रुपये अठरा हजार तीनशे."

कुणी हसलं नाही. हसले असते तर काकाने सोसलं असतं. सगळा मांडव गप्प बसला, आणि त्या शांततेत सीताराम मास्तरांनी निव्वळ कामाच्या शिस्तीने विचारलं,

"महिन्याला की वर्षाला?"

"वर्षाला," अनुपमा मायकवर म्हणाली.

मास्तरांनी चष्मा वर केला. "राजाराम, तुला काट्यावर काय मिळतं रे?"

राजाराम उठून उभे राहिले, शाळेत नाव पुकारल्यासारखे. "साडेपंधराशे. महिन्याला."

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे तुझे वर्षाला अठरा हजार सहाशे. तीनशेने जास्तच की. बस. दशरथ, मग अठरा हजारांत पावणेदोन लाख कसे बसवणार?"

काका तोंड उघडून उभा होता. कागदावरचं खोटं आहे, खरं कितीतरी जास्त आहे, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं. पण सगळ्या मांडवाची मान सावकाश तिसऱ्या रांगेकडे वळली. जावईबापू चंद्रप्रकाश मांडवाच्या कापडाकडे असे बघत होते, जणू त्याचं माप घ्यायला आलेत. काकाने तोंड मिटलं. ज्या आवाजाने कावळे उडायचे, त्यातून एक चिमणीसुद्धा निघाली नाही.

तेवढ्यात पुढून सोनूबाई उठली. गावची सगळ्यात म्हातारी बाई. वय विचारलं की म्हणायची, समुद्र झाला त्याच्या आदल्या वर्षीची. काठी टेकत मंचापाशी आली, कमरेची गाठ सोडली आणि दोनाची नोट टेबलावर ठेवली.

"बाबा माज्या, येवढ्यात भागतं कसं रं तुजं? आनी गाडीबी सांबाळतोस. घे, लाजू नको."

ती भाबडेपणाने म्हणाली की ठरवून, ते आजतागायत तळेकोंडात कुणाला कळलेलं नाही. सीताराम मास्तरांनी पावती फाडली, मायक ओढून घेतला आणि वाचलं,

"सोनूबाई भुवड यांजकडून, दशरथ भुवड यांच्या संसारास मदत, रुपये दोन. छपाई, नवयुग प्रेस…"

फोन नंबर कुणाला ऐकू आला नाही. मांडव हसून फुटला होता. तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबली. काका पेन झटकत राहिला, शाई संपली म्हणाला, टोपण न लावताच ते खिशात घातलं. पायऱ्या उतरून फियाटपर्यंत पोचेतो त्याच्या पांढऱ्या सफारीवर निळा डाग पसरत बशीएवढा झाला.

तिघं चालत घरी निघाली. चाळ येईपर्यंत अनुपमाच्या पोटात गूळ विरघळत होता. दार उघडलं आणि टेबलावरचा फॉर्म दिसला, तेव्हा गूळ संपला. हातातल्या कागदावर काकाच्या सहीची जागा कोरीच होती. तिथे सही करणारं आता जगात कुणी नव्हतं. परवाच्या डाकेत पाकीट पडलं नाही, तर ते मुदतीत पोचणार नव्हतं. 'नाही'चा चौकोन तिने स्वतः मायकवर मिटवून टाकला होता.

"बाबा," ती म्हणाली, "'होय' केलं तर बहुतेक घेणार नाहीत."

राजाराम खाटेवर बसले. चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या. ते आता काय बोलतील, तो माझा भाऊ आहे म्हणतील, असं तिला वाटलं. ती उत्तर जुळवत होती.

"तिथे मायक असतो का गं?" त्यांनी विचारलं.

"कुठे?"

"त्या कॉलेजात. मदत दिली की सांगतात का सगळ्यांना?"

"नाही, बाबा. पत्र येतं. बंद पाकिटात."

त्यांनी जरा वेळ चपलांकडे बघितलं. मग पाय खाटेवर घेतले, मांडी घातली.

"मग माग," ते म्हणाले.

अनुपमाने पेन घेतलं. चार वेळा खोडलेला कागद. पेन टेकवतानाही श्वास धरावा लागला. शाई जरा पसरली, पण खूण उमटली. कागद टिकला.

"घेतली नाही त्यांनी तर इथलं बी.एस्सी. आहेच," ती स्वतःशीच बोलली. "आणखी एक पान लागणार. मदत का हवी ते लिहायचंय. आई, कोरा कागद आहे का गं?"

विमला खाटेखालून ट्रंक ओढत होती. शालूच्या खाली, कापुराच्या पुरचुंडीखाली हात घातला आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेला गठ्ठा बाहेर काढला. वर छापलं होतं: दशरथ भुवड, रेती-विटा सप्लायर, बोरिवली.

अनुपमाने एक वही उघडली. मग दुसरी. कोऱ्या. पहिल्या पानावर नावसुद्धा नाही. बाराच्या बारा.

"तू म्हणालीस दुकानातून बदलून आणल्यास."

"नाव छापलेल्या वह्या कोण बदलून देतं? नथ गहाण ठेवली आणि साध्या आणल्या."

"आणि मला रोज सांगायचीस, विसर म्हणून."

"तू विसर म्हणत होते," विमला म्हणाली. "तुला अभ्यास होता."

अनुपमा वहीतलं मधलं पान फाडायला गेली. आईने वही तिच्या हातातून काढून घेतली, परत गठ्ठ्यात घातली आणि गाठ मारली.

"यातलं नको. शेजारून माग एखादं. या वह्या पुढच्या पूजेला द्यायच्यात." तिने गठ्ठा मांडीवर ठेवून वरची धूळ पदराने पुसली. "संसार अडचणीत आहे भावजींचा. तेवढीच आपली मदत. चिठ्ठी तू आत्ताच लिहून ठेव, नीट, पूर्ण. मास्तर वाचतील."